‘जलद’ म्हणजे किती? आणि कधी?

३ फेब्रुवारीला माझी फाइल परत आली. परीक्षा अर्ज आणि निकाल यांची जुनी प्रणाली बदलून नवी करायची होती. तिच्याकडून काय काय हवं ते सांगणारा आवश्यकता-दस्तऐवज मी लिहीत होते, आवृत्ती ०.३. कोणी काय करायचं, कुठलं बटण कुठे नेतं, हा भाग बिनबोभाट पास झाला होता. परत आलं ते कलम ४.७, म्हणजे प्रणाली किती चांगली चालावी हे सांगणारं गुणवत्तेचं कलम. तिथे मी लिहिलं होतं : ‘प्रणाली जलद, सुरक्षित, विश्वासार्ह व वापरण्यास सुलभ असावी.’ त्याखाली अशीच आणखी तेरा वाक्यं. शेरा-पत्रकात टेस्टिंगच्या सहकाऱ्याने त्यांतल्या अकरा वाक्यांपुढे एकच प्रश्न लिहिला होता, ‘कसं तपासू?’

आधी राग आला. खरं सांगायचं तर ते कलम मी मागच्या प्रकल्पातून उचललं होतं, आणि मागच्या प्रकल्पाने त्याच्या मागच्यातून. पण टेस्टिंगवाल्याचं बरोबर होतं. असे दस्तऐवज कसे लिहावेत हे सांगणारं आयईईई ८३० हे १९९८चं जुनं मानक ‘चांगलं चालतं’, ‘सहसा घडतं’ असल्या शब्दांना पडताळता न येणाऱ्या आवश्यकता म्हणतं. ते मानक बाजूला होऊन त्याच्या जागी २०११मध्ये २९१४८ क्रमांकाचं मानक आलं, तरी आमचं कलम ४.७ जागचं हललं नव्हतं.

मग मी जी चूक केली ती बहुतेक जण करतात, म्हणून सविस्तर सांगते. मी सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ/आयईसी २५०१०, उघडलं. २०११च्या आवृत्तीत गुणवत्तेची आठ वैशिष्ट्यं आणि त्यांच्या पोटात एकतीस उपवैशिष्ट्यं आहेत. प्रत्येकाचा मथळा केला आणि प्रत्येकाखाली काहीतरी लिहीत सुटले. ‘हलवण्याजोगेपणा’ (प्रणाली एका यंत्रणेवरून दुसरीवर नेता येणं) या मथळ्याखाली काय लिहावं ते सुचेना, तर तिथेही चार ओळी पाडल्या. नऊ दिवस गेले, बेचाळीस पानं झाली. वर कोणीतरी लक्षात आणून दिलं की २०२३मध्ये या मानकाची नवी आवृत्ती आली आहे, वैशिष्ट्यं आता नऊ आहेत, ‘सेफ्टी’ वेगळी झाली आहे आणि काही नावं बदलली आहेत. बेचाळीस पानं कोणी वाचली नाहीत. टेस्टिंगवाल्याने पहिली पाच वाचली आणि विचारलं, “यातलं आपल्या लोकांना नक्की काय हवंय?”

ती यादी वाईट नाही. फक्त ती शेवटी काढायची असते. प्रवासाची बॅग भरून झाल्यावर ‘काही राहिलं का’ म्हणून पाहतो, तशी. तिच्यापासून सुरुवात केली की आपण प्रणालीबद्दल न लिहिता यादीबद्दल लिहायला लागतो.

१७ फेब्रुवारीपासून माणसांकडे गेले. पहिले दोन दिवस वाया गेले, कारण मी विचारत होते, “तुम्हाला किती जलद हवं?” उत्तर ठरलेलं : “लगेच.” किती वेळ बंद चालेल? “अजिबात नाही.” सुरक्षा किती हवी? “पूर्ण.” तिसऱ्या दिवशी परीक्षा विभागातल्या एक ज्येष्ठ लिपिक सहज म्हणाल्या, “मॅडम, रोज ते बरं चालतं हो. शेवटच्या तारखेला जीव घेतं.” तेव्हापासून मी प्रश्न बदलला. “शेवटचं कधी वैतागलात?” असं विचारायला लागले आणि वही भरायला लागली. अर्जाच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी शुल्क कापलं जातं पण पावती येत नाही. निकालाच्या दिवशी पान पांढरं दिसतं. मध्यरात्रीच्या बॅकअपच्या वेळी परगावाहून अर्ज भरणारे अडकतात. हेल्पडेस्कची फोन-नोंदवही मागून घेतली, ती तर खजिनाच निघाली. तुमच्याकडे अशी वही असेल तर मुलाखतींच्या आधी वाचा, मी नंतर वाचली.

हे सगळं लिहायचं कसं, हा पुढचा प्रश्न. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधून आलेली सहा रकान्यांची पद्धत मला मानवली. एक प्रसंग घ्यायचा आणि त्यात सांगायचं : कोणाकडून, काय घडलं, प्रणालीच्या कुठल्या भागाला, कुठल्या परिस्थितीत, त्या भागाने काय करायचं, आणि ते झालं हे कशाने मोजायचं. माझ्या ‘जलद असावी’चं पहिलं रूप असं झालं : परीक्षार्थी मोबाइलवरून आसन क्रमांक टाकून निकाल मागतो. निकाल दाखवणारा भाग, नेहमीच्या परिस्थितीत, गुणपत्रक दाखवतो. दोन सेकंदांच्या आत.

नेहमीच्या परिस्थितीत! निकाल रोज लागतो का? हे मला कळायला आणखी आठवडा लागला. सगळ्यांचं लक्ष शेवटच्या, मोजमापाच्या रकान्याकडे असतं, कारण तिथे आकडा असतो. माझ्या अनुभवात आकड्यावरून फारसं भांडण होत नाही. भांडण असतं चौथ्या, परिस्थितीच्या रकान्यात. ‘जलद हवं’ यावर सगळ्यांचं एकमत असतं. कधी जलद हवं, हे विचारलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा दिवस उभा राहतो, आणि त्या सगळ्या दिवसांसाठी सर्व्हर घ्यायचे तर पैसे लागतात.

आकडे मात्र हवेतून आणायचे नव्हते, म्हणून २० फेब्रुवारीला जुन्या सर्व्हरच्या लॉगसाठी, म्हणजे कोणती विनंती कधी आली आणि तिला किती वेळ लागला याच्या नोंदींसाठी, अर्ज केला. विहित नमुना, विभागप्रमुखांची सही, माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यांची सही. पाच दिवसांनी अर्ज परत आला, ‘उद्देश स्पष्ट नाही.’ दुसऱ्यांदा दिला तेव्हा लॉगमध्ये आसन क्रमांक दिसतात यावर हरकत आली, आणि ती रास्तच होती. शेवटी क्रमांकांच्या जागी सांकेतिक खुणा घालून लॉग मिळाला तो ११ मार्चला, पहिल्या अर्जानंतर एकोणीस दिवसांनी. (सूचना : हा अर्ज कामाच्या पहिल्या दिवशीच करून ठेवा, आणि क्रमांक झाकून द्या असं स्वतःहूनच लिहा.)

लॉग उघडला तर सरासरी प्रतिसाद १.८ सेकंद. मी खट्टू झाले, कारण तक्रारी खोट्या ठरत होत्या. ऑपरेशन्सच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या विभागातल्या, सहकाऱ्याने शेजारी बसून सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्या आणि पंचाण्णवाव्या टक्क्यावर बोट ठेवलं : ११ सेकंद. म्हणजे दर वीस विनंत्यांमागे एकीला त्याहून जास्त वेळ लागत होता. सरासरी वर्षभराच्या निवांत दुपारांनी भरून काढली होती. मग फक्त मागच्या निकालाची पहिली १५ मिनिटं वेगळी काढली. त्यात १,६२,००० विनंत्या होत्या, सेकंदाला १८०. आणि आसन क्रमांक वेगळे किती, तर जेमतेम ४१,०००. पान येत नाही म्हणून प्रत्येक जण सरासरी चार वेळा मागत होता. मंद प्रणाली आपल्यावरचा भार आपणच वाढवते, हे पुस्तकात वाचलेलं असलं तरी स्वतःच्या लॉगमध्ये पाहिल्यावर वेगळंच वाटतं.

उपलब्धतेवर, म्हणजे प्रणाली किती टक्के वेळ चालू असावी यावर, मोठी बैठक झाली. विभागप्रमुख म्हणाले, “शंभर टक्के लिहा, कमी कशाला?” ऑपरेशन्सवाला हसला आणि फळ्यावर गेला. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद. ९९.९९ टक्के म्हणजे सव्वाचार मिनिटांच्या आसपास, म्हणजे रात्री फोन वाजून माणूस उठून बसेपर्यंत संपलेच. तिथे सगळं दुहेरी लागतं आणि ते आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जावं लागतं. त्याचा अंदाजी खर्च ऐकल्यावर खोलीत शांतता पसरली. ९९.९वर सहमती झाली, मीही लिहून घेतलं.

रात्री घरी तो आकडा पुन्हा मांडला. करारात मोजणी वर्षाची होती. वर्षाला ९९.९ म्हणजे जवळजवळ पावणेनऊ तास. ते पावणेनऊ तास सलग, निकालाच्या दिवशी सकाळी सुरू झाले तर? पुरवठादाराने कराराचा शब्दही मोडलेला नसेल आणि आमचा अख्खा दिवस गेलेला असेल. हात थंड पडले. दुसऱ्या दिवशी ती एक आवश्यकता मोडून तिच्या तीन केल्या : इतर दिवशी ९९.५, मोजणी महिन्याची. अर्जाच्या शेवटच्या तीन दिवसांत ९९.९, मोजणी त्या तीन दिवसांचीच, म्हणजे एकूण चार मिनिटांच्या वर नाही. निकालाच्या पहिल्या सहा तासांत नियोजित देखभाल बंद आणि बिघाड झालाच तर दहा मिनिटांत किमान ‘निकाल पाहण्याची वेळ पुढे गेली आहे’ असं साधं पान. गंमत म्हणजे हे त्या चार नऊंपेक्षा, म्हणजे ९९.९९पेक्षा, स्वस्त पडलं.

आकड्यांवरची उरलीसुरली घासाघीस टॉम गिल्ब यांच्या प्लँग्वेज या आवश्यकता लिहिण्याच्या पद्धतीतल्या एका युक्तीने मिटली. एका आवश्यकतेला एकच आकडा द्यायचा नाही. याहून वाईट झालं तर अपयश, हे ठरलेलं उद्दिष्ट, आणि हे जमलं तर उत्तम, असे तीन स्तर द्यायचे, आणि मोजपट्टी कोणती व मोजायचं कसं ते वेगळं लिहायचं. निकालाच्या पानाला आम्ही १०, ४ आणि २ सेकंद दिले. दहा का? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३मध्ये मांडलेली प्रतिसादाची ढोबळ मर्यादा तीच आहे, दहा सेकंदांनंतर माणसाचं लक्ष उडतं. आमच्या लॉगमध्ये पुन्हा-पुन्हा मागणी तिथूनच चढत होती. ‘दोन’वर अडून बसलेल्या सरांना त्यांचा दोन कागदावर दिसला, आणि पुरवठादाराला चारवर सही करता आली.

एक जागा मात्र आकड्याने सुटणारी नव्हती. सुरक्षेच्या अधिकाऱ्यांची अट होती की दहा मिनिटं हालचाल नसेल तर लॉग-आउट. वापर-चाचणीत स्क्रीन-रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी एक दृष्टिहीन विद्यार्थिनी अर्ज भरायला बसली, तेव्हा तिला एकूण पस्तीस मिनिटं लागली, आणि एक लांब सूचनापत्र ऐकता ऐकताच तिचं सत्र दोनदा तुटलं. दोन्ही आवश्यकता आपापल्या जागी योग्य, पण एकमेकींच्या पायांत पाय. यासाठी मी ‘सॉफ्टगोल’ची आकृती काढली. मायलोपोलोस, चुंग आणि निक्सन यांनी १९९२मध्ये मांडलेली ही रीत आहे : गुणवत्तेची उद्दिष्टं ढगांसारखी काढायची आणि कुठला उपाय कुठल्या ढगाला मदत करतो, कुठल्याला मारक ठरतो, ते अधिक-उणे बाणांनी दाखवायचं. ही उद्दिष्टं पूर्ण साधत नसतात, पुरेशी साधली की झालं, असा तिचा रोख. संपूर्ण प्रणालीची अशी आकृती काढायला गेलात तर कोळ्याचं जाळं होतं, ते मी एकदा करून फाडलं. पण एका भांडणापुरती ती फार कामाची. दहा मिनिटांचा बाण उणे होता, त्याखाली आम्ही दोन उपाय जोडले : तोडण्याआधी दोन मिनिटं सूचना आणि एका कळीवर मुदतवाढ, शिवाय भरलेला मजकूर आपोआप जपून ठेवणं. अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शकात किमान वीस सेकंदांची सूचना सांगितली आहे, आम्ही जास्त दिली. त्यानंतर मी तक्त्यात ‘कोणाशी भिडते’ असा सातवा रकाना घातला. तो माझा स्वतःचा आहे, कुठल्या मानकात शोधू नका.

मार्चअखेर प्रसंग झाले शेहेचाळीस. प्रत्येकाला दोन अक्षरं दिली, महत्त्व किती आणि करायला अवघड किती, जास्त-मध्यम-कमी. दोन्हींत ‘जास्त’ असलेले सात निघाले, त्यांवर सगळा जोर दिला. दोन्हींत ‘कमी’ असलेले सरळ काढले. एकत्र करता आले ते केले. उरले सतरा, सहा पानांत. त्या बेचाळीस पानांपैकी एकही वाक्य त्यात नाही.

२ एप्रिलच्या आढावा बैठकीला नऊ जण होते, तीन तास लागले. इथे एक गोष्ट शिकले : प्रत्येक आकड्यापुढे तो ‘कोणाचा’ ते लिहायचं. सोळा आकड्यांना धनी मिळाले. सतराव्यापुढे कोणी नाव घालू देईना. तो होता, डेटाबेस बिघडला तर बॅकअपवरून प्रणाली किती वेळात उभी राहील. तक्त्यात ‘दोन तास’ होतं. कुठून आलं? जुन्या करारातून. कोणी करून पाहिलं होतं? कोणीच नाही. बॅकअप रोज होत होता, तो परत चढवून पाहण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता. शनिवारी, १२ एप्रिलला, चाचणी सर्व्हरवर तो चढवला. सहा तास वीस मिनिटं लागली, त्यातला दीड तास पासवर्ड कोणाकडे आहे ते शोधण्यात. आकडा बदलून चार तास केला, पासवर्ड-पाकिटाची जागा ठरवली आणि वर्षातून दोनदा हा प्रयोग करायचा हेही आवश्यकतेतच घातलं. सही झाली.

२५ एप्रिलला आवृत्ती १.० मंजूर. पहिल्या शेऱ्यापासून एक्याऐंशी दिवस. माझे स्वतःचे कामाचे दिवस साधारण चौतीस धरा, बाकी सगळी वाट पाहणी. तुम्हाला कोणी ‘गुणवत्तेचं कलम दोन दिवसांत उरकून टाक’ म्हणत असेल तर हा हिशेब दाखवा.

मे महिन्यात लोड टेस्ट, म्हणजे खोट्या गर्दीची चाचणी, झाली. ८ तारखेची पहिली फेरी, सेकंदाला २०० विनंत्या, पंचाण्णवावा टक्का ०.३ सेकंद. टाळ्या वाजल्या. टेस्टिंगचा तोच सहकारी मात्र गप्प होता. त्याने स्क्रिप्ट उघडली : सगळे आभासी विद्यार्थी एकच आसन क्रमांक विचारत होते. पहिल्याचं उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसलं आणि उरलेल्यांना ते तिथूनच मिळालं, डेटाबेसला कोणी हातच लावला नाही. आमच्या चौथ्या रकान्यात ‘सेकंदाला २०० विनंत्या’ होतं, ‘वेगवेगळ्या क्रमांकांच्या’ हा शब्द नव्हता. तो घातला, आवृत्ती १.१. दुसऱ्या फेरीत १४ सेकंद आले, म्हणजे सरळ नापास. पुरवठादाराने निकाल आधीच तयार करून ठेवायची व्यवस्था केली आणि तिसऱ्या फेरीत, महिनाअखेर, ३.६ आले.

१७ जूनला निकाल लागला. सकाळपासून मी काहीच न करता मॉनिटरिंगच्या पडद्यासमोर बसले होते. पहिल्या १५ मिनिटांत पंचाण्णवावा टक्का ३.४ सेकंद. वेगळे आसन क्रमांक आणि एकूण विनंत्या यांचं प्रमाण चारावरून दीडवर आलं होतं. लिपिक बाईंनी दुपारी हेल्पडेस्कची वही पाठवली, एकवीस फोन, त्यातले बरेचसे आसन क्रमांक हरवल्याचे.

तीन दिवसांनी, २० जूनला, पुनर्तपासणीचे अर्ज उघडले आणि प्रणाली गुडघ्यावर आली. निकालाचं पान आधीच तयार होतं, पण पुनर्तपासणीचा अर्ज प्रत्येकाला थेट डेटाबेसमध्ये लिहायचा होता, आणि गुणांवर नाराज असलेले सगळे पहिल्याच तासात आले. सतरा प्रसंगांच्या चौथ्या रकान्यात मी अर्जाची शेवटची तारीख लिहिली होती, निकालाचा दिवस लिहिला होता, बॅकअपची रात्रही लिहिली होती. हा दिवस कोणाच्याच बोलण्यात आला नव्हता, आणि हेल्पडेस्कच्या वहीत तो ‘निकाल – इतर’ या नावाखाली पडून होता.

बदल-विनंतीचा नमुना त्याच संध्याकाळी भरला. ‘बदलाचे कारण’ या चौकटीत दोनच ओळी मावतात. परिस्थिती : पुनर्तपासणी खुली झाल्यापासून पहिला तास. आकडा अजून रिकामा आहे. लॉगसाठीचा अर्ज मात्र या वेळी आधी दिला, क्रमांक झाकून.